बर्वेबाईंनी काढलेली माझी बायको

बर्वेबाई माणसाकडे डोळे बारीक करून बघायच्या. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायच्या. लिफ्टपाशी माझ्या बायकोला त्यांनी असं निरखलं, तेव्हाच मला संशय आला. बाईंना हवंय काय?

हवं होतं चित्र, प्रदर्शनात लावायला. "शांताबाई, दुपारी चारला माझ्या खिडकीत बसाल?" ही लगेच हो म्हणाली. मला न विचारता!

मी चौथी शिकलेला माणूस, पण मार्केट यार्डात टेम्पो चालवताना पुष्कळ माणसं पारखलीत. फुकट कोणी कोणाचं काही करत नाही. मी म्हणालो, "मोबाइलात फोटो काढा की, मिनिटात होईल."

"फोटो तुम्ही काढा. मला त्यांच्या अंगावरचा उजेड काढायचाय."

मग मीही रोज जाऊन बसायला लागलो. बाई म्हणाल्या, "पहारा जरूर करा, जाधव. फक्त उजेडात उभे राहू नका." चहा मात्र द्यायच्या, तोही अर्धा कप.

एके दिवशी उठून चित्राजवळ गेलो. नुसते ठिपके! गालावर हिरवा, गळ्याखाली निळा.

"अहो बाई, ही काय काविळीची पेशंट आहे?"

"बाहेर कडुनिंब आहे, त्याचा हिरवा पडलाय. आणि नाक लावून चित्र बघू नका. मागे व्हा."

मागे झालो. ठिपक्यांतून ही दिसली. जांभळं पातळ, मांडीवर हात, नजर खिडकीबाहेर. हुबेहूब. पण एवढी उदास? चाळीस वर्षं संसार केलाय, असं तोंड मी पाहिलेलं नाही. म्हणजे नक्की हिने बाईंपाशी काहीतरी बोलून टाकलं. आता हे चित्र प्रदर्शनात लागणार, आणि गावभर होणार की जाधवाच्या घरात बाई दुःखी आहे.

हिला वर पाठवलं आणि बाईंना सरळ विचारलं, "काय सांगितलं तिनं तुम्हाला?"

बाई ब्रश पुसत म्हणाल्या, "तुम्ही रोज इथेच होतात. त्या बोलल्या का काही?"

"मग हे कुठून आलं?"

"समोर होतं ते काढलं. तुमची खुर्ची माझ्या मागेच होती, जाधव."

चित्र प्रदर्शनात द्यायचं नाही, असं मी बजावलं. त्या म्हणाल्या, "चेहरा त्यांचा आहे. त्या नाही म्हणाल्या तर नाही." ही म्हणाली, "जाऊ द्या. बघू दे लोकांना."

चित्र गेलं, लोकांनी बघितलं, कोणीतरी विकतही नेलं. बर्वेबाई पुढे थोड्या आजाराने वारल्या. बाई फटकळ, पण खोटं बोलणारी नव्हती, हे मी कुठेही सांगेन.

तरी माझा संशय जात नाही. दोघी जिन्यात, गच्चीवर, कुठेतरी बोलल्या असणार. परवा हिला म्हणालो, "खरं सांग, त्या बाईला काय सांगितलं होतंस?"

ही मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना काय सांगितलं ते कशाला विचारता? मला काय झालं होतं, ते विचारा."

मी पिशवी घेऊन दूध आणायला गेलो. दूध सकाळीच आणलं होतं.