दाराचं माप

श्रीरामपुरात व्हीलचेअर वाटणारे पुढारी पुष्कळ. वाटलेल्या खुर्चीत माणूस बसला का, हे घरोघर बघत हिंडणारा एकच. नाव त्याने कधी सांगितलं नाही. घरात शिरला की आधी टेप निघे. त्या टेपाने त्याने अर्ध्या तालुक्यातले उंबरे, मोऱ्या आणि गुडघे मोजले होते. आमची म्हैससुद्धा रवंथ करता करता दोनदा मोजून झाली, पण तिची तक्रार नव्हती.

दसऱ्याला तो आमच्याकडे आला. शिबिरात आईला मिळालेली खुर्ची आम्ही अंगणात ट्रॅक्टरशेजारी पुजली होती. हळदकुंकू, झेंडूचा हार, वर कंपनीचं प्लास्टिक जसंच्या तसं. आई आत जमिनीवर बसली होती.

"पाव्हनं, खुर्ची आत का न्हाई?" म्हणत त्याने प्लास्टिक टराटरा फाडलं.

"अहो, खराब हुईल ना!" मी ओरडलो.

तोवर दार मोजून झालं होतं. "खुर्ची दारापरीस दोन बोटं जास्त हाय. पहार आना."

"आज्याची सागवानी चौकट हाय ती!"

"मंग आज्यालाच बसवा खुर्चीत."

आतून आईचा आवाज आला, "पहार न्हाणीमागं हाय रं."

चौकट निघाली तेव्हा पार शिर्डीपर्यंत धुरळा गेला असेल. तीन वर्षांत पहिल्यांदाच आई अंगणात आली. स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत तिने ट्रॅक्टरला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि मला म्हणाली, "पहार ठिवू नगंस. संडासाचं दार ऱ्हायलंय."

तो टेप घेऊन आधीच तिकडे निघाला होता.