बिजलीला ऐकू जाईल असा आवाज

गवत घोडे खाऊन संपवतात, किस्से मात्र साठतच जातात. मुळशीतल्या आमच्या घोडेस्वारीच्या कॅम्पवर मी चहा-नाश्ता आणि गप्पा, दोन्ही खात्यांचा प्रमुख! दूध एखाद वेळेस उतू जाईल, किस्सा सांडणार नाही.

नियम सांगतात आमच्या ट्रेनर, नसीमताई. त्यातला सगळ्यात कडक नियम असा, की स्वतःच्या आवाजाने घोडा थांबवता आला तरच घोड्याला बांधलेली दोरी सुटणार. तोवर दोरीचं टोक ताईंच्या हातात.

यंदा भरे गावची प्रज्ञा तिथेच अडली. पोरगी नऊ वर्षांची, आवाज मुंगीचा. दोरीशिवाय बसायचं म्हणून जीव टाकायची, पण तिने "थांब" म्हटलं की बिजली घोडी खुशाल चालत राहायची!

"अगं, घोडीला सांगतेयस की मनात म्हणतेयस?" ताई विचारायच्या.

* * *

घोड्याजवळ जाताना आधी आवाज द्यायचा, म्हणजे तो दचकत नाही. हा नियम पोरांच्या इतका अंगात भिनला, की मी पोहे परतत असताना मागून आवाज आला, "काका, मी डावीकडून येतोय. लाथ मारू नका!"

* * *

मारुंजीचा अर्णव हेल्मेट घालूनच जेवायचा. त्याला न्यायला बाबा बाइकवरून आले, हेल्मेट कोपराला लटकवून. अर्णव ओरडला, "ताई, माझ्या बाबांचं डोकं कोपरात आहे!"

बाबांनी तिथल्या तिथे हेल्मेट डोक्यावर चढवलं. चहासुद्धा तसाच प्यायले!

* * *

प्रज्ञाचे आजोबा मात्र ताईंशी भांडायलाच आले. "आमी म्हशीवर बसून वाढलो. तवा कुटं व्हतं हेल्मेट?"

"किती वेळा पडलात, आजोबा?"

"त्ये काय आठवत न्हाई."

"म्हणूनच!"

* * *

बिजलीला तर नियम पाठच आहेत. एकदा एक पोरगा हेल्मेटचा पट्टा न लावता बसला. बिजली जागची हलेना! गूळ दाखवला, ढकललं, मी तर हातसुद्धा जोडले. पट्टा 'टक्' करून लागला आणि स्वारी निघाली. खोटं वाटत असेल तर बिजलीला विचारा.

* * *

शेवटचा दिवस. कुंपणाला टेकून पालक उभे. प्रज्ञा बिजलीवर, दोरी ताईंच्या हातात, मागे आणखी दोन घोडे. आजोबा सारखे म्हणत होते, "वरड की गं पोरी! लई न्हाई, येकदाच!" पोरीचे ओठ हलत होते आणि बिजली चालत होती.

ताईंनी आजोबांना गप्प करायला मान वळवली. तेवढ्यात शेजारच्या घरची कोंबडी पिल्लांची रांग घेऊन रिंगणात शिरली, थेट बिजलीच्या पुढ्यात.

"थांऽऽब!"

बिजली थांबली. मागचे दोन घोडे थांबले. आजोबा तपकिरीची चिमूट नाकाशी धरून थांबले. रस्त्यावरच्या दुधाच्या टेम्पोनेही करकचून ब्रेक मारला!

पिल्लं आरामात पलीकडे गेली.

ताईंनी दोरी सोडली, गुंडाळली आणि त्या बाजूला झाल्या. "चल, ने तिला."

प्रज्ञा पुढे वाकली आणि बिजलीच्या कानात काहीतरी पुटपुटली. आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही.

बिजली चालायला लागली.