उठलं की जाणारी स्क्रीन

ओमानमधल्या कुरुमच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर बघतो. अलीकडे दिवसातले निम्मे फोन डॉकचेच असतात. डॉक म्हणजे टेबलावरचा तो चपटा डबा, ज्यात दोन्ही मोठ्या स्क्रीनच्या, कीबोर्डच्या, नेटच्या वायरी घुसतात आणि एकच वायर लॅपटॉपला जाते. सोय म्हणून आणला आणि जिवाला घोर लावून बसला. बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा, हे मंत्र म्हणत मी मजलाभर फिरतो. माझी जीभ मूळचीच तिखट, चिपळूणची. त्यात दिवसभर तेच तेच, म्हणजे काय विचारता.

खिडकीजवळच्या टेबलावर एक ड्राफ्ट्समन होते. अमरावतीकडचे, पन्नाशीचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. सकाळी दिसलो की "जय भीम, भाऊ" म्हणायचे. मी त्यांना दादा म्हणायचो. बायको आणि अकरावीतली मुलगी इथेच, अल् घुब्राला, माझ्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये. एकदा त्यांनी मला बोलावलं.

"भाऊ, मी उठलो का दोन्ही स्क्रीन जातात. तीन-चार सेकंदांनी येतात परत."

"उठलात की? वा! तुमच्याशिवाय करमत नसेल हो तिला," मी म्हणालो. आजूबाजूचे हसले. तेही हसले बिचारे.

मी वायरी हलवल्या, ड्रायव्हर नवा टाकला. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं, तेव्हा डॉकच बदलून दिला. प्रत्येक वेळी मी पोचायच्या आधीच ते उठून बाजूला उभे असायचे आणि खुर्ची माझ्याकडे सरकवायचे. मी कधी बसलो नाही. आम्ही लोक वाकून, उभ्यानेच काम उरकतो, पुढचा माणूस वाट बघत असतो ना. "एकदा बसून उठून बघा ना," ते तिसऱ्या वेळी म्हणाले. मी म्हटलं, "दादा, बसून खायची सवय साहेबांना. मला पळू द्या." आणि कॉम्प्युटरवर नोंद टाकली, तपासलं, दोष नाही.

आमचे मॅनेजर ओमानी. सकाळी आले की आधी सगळ्यांच्या टेबलांशी जातात, सलाम करतात, हात मिळवतात, घरच्यांची विचारपूस करतात. फार भला माणूस. आणि आपली माणसं कशी असतात? साहेब आले की ढुंगण खुर्चीला राहत नाही. बाकीचे जरासे उठल्यासारखे करायचे. दादा मात्र ताडकन उठून सरळ उभे राहायचे. म्हणजे रोज सकाळी साहेब हात पुढे करणार, दादा उठणार आणि त्याच क्षणी मागच्या दोन्ही स्क्रीन काळ्या.

हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

एकदा मॅनेजरनी मला खोलीत बोलावलं. कावा, म्हणजे इथली कोरी कॉफी, दिली, खजूर पुढे केला आणि सरळ विचारलं, "मी जवळ गेलो की तो माणूस स्क्रीन बंद करतो. काय लपवतो? की मशीन खराब आहे?"

मला दोष सापडला नव्हता, एवढंच खरं होतं. पण 'मला सापडला नाही' असं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "सर, तीनदा तपासलं. मशीन उत्तम आहे."

"मग तो हाताने करतो?"

मी खांदे उडवले. तोंडाने काही बोललो नाही, म्हणून निर्दोष ठरलो असं मला वाटलं होतं.

दादांचा करार पुढे वाढवला नाही. इथे नोकरी गेली की व्हिसा गेला आणि व्हिसा गेला की पोरीची शाळाही. ऑफिसात कुजबुज झाली, काहीतरी बघत असायचा म्हणे. ती कुजबुज घुब्राच्या जिन्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. जायच्या आधी दादा माझ्याकडे आले, लॅपटॉप आणि डॉक जमा केला, वायरी नीट गुंडाळून. "येतो भाऊ," एवढंच म्हणाले.

दोन महिन्यांनी त्या टेबलावर नवीन माणूस येणार होता. मशीन लावत होतो, अपडेट संपता संपेना, गुडघा दुखत होता, म्हणून दादांच्या खुर्चीत बसलो. तेवढ्यात मॅनेजर आले. सलाम केला, हात पुढे केला. मी उठलो.

दोन्ही स्क्रीन काळ्या झाल्या.

साहेबांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा हात त्यांच्या हातातच होता. मी तसाच पुन्हा बसलो, उठलो. पुन्हा काळ्या. एसीची कोरडी हवा आणि आतल्या गॅसच्या नळीवर वर-खाली होणारी खुर्ची. उठताना बारीकशी वीज तयार होत होती आणि स्क्रीनच्या स्वस्तातल्या वायरी ती पकडत होत्या. डॉक मी बदलला होता, वायरी जुन्याच राहिल्या होत्या. त्या बदलल्या आणि खलास, स्क्रीन पुन्हा कधी गेल्या नाहीत.

"तू म्हणाला होतास मशीन उत्तम आहे," मॅनेजर हळूच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं मला.

त्या दुपारी अमरावतीला फोन लावला. सगळं सांगितलं, माफी मागितली, रडलोसुद्धा.

"म्हणजे खुर्चीच होती ना, भाऊ?"

"खुर्ची आणि वायर. तुम्ही पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतात, दादा."

"मग एक काम करा," ते म्हणाले. "हेच पोरीला सांगा. ती शाळेतून आली हाये आत्ताच. मी सांगून थकलो."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग शाळेतल्या इंग्रजीवर वाढलेलं, अडखळणारं मराठी ऐकू आलं.

"अंकल... बाबा काही... बॅड नव्हते बघत ना?"