भिंती वाजवणारे काका

शेजारचे काका आमच्याकडे चहाला आले तरी आधी भिंत वाजवायचे. बोटाच्या पेराने टकटक करायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "पोकळ आहे. पाडून टाक." मला त्या टकटकीचाच संताप यायचा. डोंबिवलीतली आमची दोन्ही बैठी घरं साठच्या सुमाराला एकाच गवंड्याने बांधलेली, तरी पोकळ निघायचं ते फक्त आमचंच.

नव्वदच्या आसपास आम्ही घर दुरुस्तीला काढलं. पीएफमधून उचललेल्या पैशांत स्वयंपाकाचा ओटा, मोरी आणि रंग एवढंच बसत होतं. बाकी सगळं जुनंच ठेवायचं होतं, आणि व्हरांड्यातली सिमेंटची जाळी तर नक्कीच. माझ्या वडिलांनी ती हौसेने बसवून घेतलेली.

एका संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर जाळीच्या जागी ढिगारा. गवंडी म्हणाला, "काका बोलले पोकळ हाय, म्हणून तोडली." काकांचा आवाजच असा, की त्याला तेच मालक वाटले असणार! काका तिथेच हात मागे बांधून उभे होते.

"बघ, आता हवा कशी खेळते!"

मी ढिगाऱ्यातला जाळीचा एक तुकडा उचलला आणि तडक घरात गेलो.

रविवारी काका त्यांच्या व्हरांड्यात अगदी तसल्याच जाळीला पांढरा रंग देत होते. मी सरळ आत शिरलो, जाळीवर पेराने टकटक केली आणि म्हणालो, "काका, पोकळ आहे. पाडून टाका."

ब्रश टाकून ते जाळीला पाठ लावून उभे राहिले.

"हात लावू नकोस! माझ्या वडिलांची आठवण आहे ती."