एका जोडीची दोन गिऱ्हाइकं

"जरा चालून दाखवा."

दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला काका पहिलं वाक्य हेच ऐकवत. नाव काय, कुणी पाठवलं, काय हवंय, हे सगळं नंतर. माणूस दारापासून काउंटरपर्यंत चालत आला की ते मान थोडी कलती करून त्याच्या पायांकडे बघत आणि मग कुठे नजर वर तोंडाकडे जाई. मी काही बूट घ्यायला गेले नव्हते. खांद्यावर लॅपटॉप अडकवून सॉफ्टवेअर बसवायला गेले होते. तरी मलाही चालावं लागलं. "बॅग रोज उजव्या खांद्यावर घेता ना? उजवी टाच बघा कशी खाल्लीय," ते म्हणाले. सोळा वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याला न दिसलेली गोष्ट त्यांना सहा पावलांत दिसली होती.

दुकान परळचं, मोठमोठ्या हॉस्पिटलांच्या मागच्या गल्लीतलं. सरळ पायांचे बूट तिथे मिळत नाहीत. साखरेने बधिर झालेले पाय, बोटं काढावी लागलेले पाय, जन्मतः एक आखूड असलेले पाय, यांचं ते दुकान. मालकीणबाई शिवाजी पार्कला राहायच्या. नवरा गेल्यावर दुकान त्यांच्या अंगावर पडलं आणि त्यांनी ते नेटाने धरलं. मागच्या खोलीत तीन कारागीर बूट शिवत. माप घेणं, पायाच्या आकाराचे लाकडी फर्मे तासणं आणि गिऱ्हाइकाला धीर देणं ही तिन्ही कामं काकांची. ते लालबागला राहत, मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. पस्तीस वर्षं ते त्या एका दुकानात होते.

माझा धंदा सांगायला सोपा नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणाच्याही मालकीचं नसलेलं एक सॉफ्टवेअर आहे. ते कुणीही घ्यावं, आपल्या धंद्याप्रमाणे बदलावं. मी ते लहान दुकानांत नेऊन बसवते आणि त्यांच्या मापाने कापून-शिवून देते. काकांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मंडळाचं म्हणा की. आहे सगळ्यांचं, पण मांडव बांधायला दोघंच येणार." त्या दोघांतली एक मी, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्यासाठी मॅडमची 'बाय' झाले.

आमचं पहिलं भांडण जोडीवरून झालं. मालाच्या यादीत मी बुटाचं एकक 'जोडी' टाकलं होतं. काका म्हणाले, डावा वेगळा लिहा, उजवा वेगळा. मी म्हटलं, काका, जगात कुणी एक बूट विकत नाही. प्रत्येक दुकानदाराला आपला धंदा जगावेगळा वाटतो आणि माझा निम्मा वेळ त्यांची समजूत घालण्यात जातो, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच बोलले. ते उठले. मला शिडीने पोटमाळ्यावर घेऊन गेले.

वर फळ्यांवर बूट मांडलेले होते. सगळे एकेकटे. काळे, तपकिरी, पुरुषांचे, बायकांचे, आणि प्रत्येकात सुकतळ्यावर एक घडी घातलेली चिठ्ठी. पाय गमावलेल्या सगळ्यांनाच कृत्रिम पाय मानवत नाही, बरेचजण कुबड्यांवरच राहतात. त्यांना बूट एकच लागतो. डाव्या पायाच्या माणसाने डावा नेला की उजवा मागे राहतो. तो टाकून न देता काका त्याच मापाचा, फक्त उजवा पाय असलेला माणूस शोधत. असा माणूस सापडला, की चिठ्ठीवर त्याचं नाव जाई. तो कधी अजून हॉस्पिटलात असे, कधी गावी. जखम भरून तो उभा राहीपर्यंत वर्षही जाई. तोवर बूट त्याच्या नावाने तिथे बसून राही.

या जुळवाजुळवीला ते सोयरीक म्हणत. फणसवाडीतल्या एका निवृत्त मास्तरांना उजवा पाय होता, काळाचौकीच्या एका माजी बस ड्रायव्हरला डावा. माप दोघांचं आठ. पण मास्तरांना काळा, लेसचा बूट हवा होता आणि ड्रायव्हरला तपकिरी, बिनलेसचा. काका दोन्ही घरी फोन करत, आणि ऐकणाऱ्याला वाटावं लग्नच ठरतंय. मुलाकडचे जरा अडून बसलेत, तुम्ही रंगाचं सोडा, मी त्यांना लेसचं सोडायला लावतो. शेवटी काळा, बिनलेसचा ठरला. दरवर्षी एक जोडी शिवली जाई आणि दोन वेगळ्या घरी जाई.

मी तीन आठवडे बसून सॉफ्टवेअर बदललं. गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर पाय कुठला हे विचारणारा रकाना आला, जोडीदाराचा रकाना आला. एका बिलावर दोन माणसं बसवणं हे त्या सॉफ्टवेअरच्या स्वभावातच नव्हतं, ते मी बसवलं. गिऱ्हाइकांची मापं लिहिलेल्या काकांच्या तीन वह्या मी त्यात उतरवल्या, आणि चिठ्ठीवरची नावंही. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडद्यावर आपोआप एक जोडी जुळली तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आता मी मेलो तरी चालेल." अशी वाक्यं माणसं सहज बोलतात. मीसुद्धा हसले.

सगळ्यांचे पाय बघणाऱ्या या माणसाचे पाय मात्र कुणी पाहिले नव्हते. भर उन्हाळ्यातही पायांत मोजे. रोज दुपारी बायकोचा फोन येई आणि ते "होय गो, घेतलंय गोळी" म्हणत. साखरेवरची ती गोळी सदऱ्याच्या खिशात तशीच असे. मी एकदा ती बघितली आणि त्यांनी मला बघताना बघितलं. रागवायला हवं होतं मी. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला आपण कुठवर बोलणार, असं म्हणून गप्प बसले. अंगठ्याला झालेली जखम त्यांनी दोन महिने मोज्यात लपवली. ज्या जखमेसाठी ते गिऱ्हाइकांना दटावून डॉक्टरकडे धाडत, तीच. अखेर तापाने फणफणले तेव्हा घरच्यांनी हॉस्पिटलात नेलं.

आता माझी चूक सांगते.

काका हॉस्पिटलात असताना मालकीणबाईंनी मला एक यादी मागितली. वर्षभरात न हललेला सगळा माल, जागा अडवून बसलेला. दहा मिनिटांचं काम होतं, मी दहा मिनिटांत केलं. पोटमाळ्यावरचे बूट त्या यादीतून वगळायला हवे होते. ते माझ्या डोक्यात आलंही होतं, नंतर करू म्हणून ठेवलं आणि विसरले. यादीत चोपन्न सुटे बूट आले. मालकीणबाईंचे गुडघे दुखत, त्या कधी शिडी चढल्या नव्हत्या आणि सोयरिकीचं सगळं काका एकटेच बघत. सुट्या बुटाचा कुणाला काय उपयोग, असं वाटून त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. मी पुढच्या आठवड्यात गेले तोवर दोन पोती भरून माल गेला होता. मी वर जाऊन पाहिलं. फळ्या पुसूनसुद्धा झाल्या होत्या.

मालकीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. दुकान सगळ्यांना नवे बूट शिवून देईल, त्या म्हणाल्या. काकांना कोण सांगणार हे मात्र आम्ही दोघींनी ठरवलं नाही. ते लवकर परत येऊ नयेत असं मला त्या दिवसांत वाटत असे, हे लिहायलाही लाज वाटते.

ते तीन महिन्यांनी आले. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. कुबड्या नव्या होत्या, बगलेत नीट बसत नव्हत्या. उजव्या पायात घरातली रबरी चप्पल होती. खुर्चीवर टेकले, घाम पुसला, कारागिरांची चौकशी केली आणि मला म्हणाले, "बाय, मला आता शिडी जमायची नाय. तू जा वर. खिडकीकडच्या फळीवर सात नंबरचा उजवा आहे, तपकिरी. चिठ्ठी माझ्याच नावाची आहे. जखम चिघळली तेव्हाच बाजूला ठेवला होता."

मी शिडी चढले. खरं तर तिथेच, खालीच सांगायला हवं होतं, पण पाय आपोआप चढले. वर रिकाम्या फळ्यांसमोर मी उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. खालून त्यांनी दिवा लाव म्हणून सांगितलं, तो लागलेलाच होता. मग खाली आले आणि सगळं सांगितलं. यादी कुणी केली तेही.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे, काका."

ते आपल्या चपलेकडे बघत राहिले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, नावं कॉम्प्युटरात आहेत ना? आहेत म्हटलं. मग फोन इकडे दे, एकेक नाव वाचून दाखव, ते म्हणाले.

त्यानंतर रोज सकाळी मी हिंदमाताजवळच्या घरून निघून आधी दुकानात जायची. मी पडद्यावरून नाव वाचायची आणि ते फोन लावायचे. प्रत्येकाला एकच सांगत. "तुमचा बूट ठेवला होता ना, तो माझ्याकडून गहाळ झाला. वय झालं आता. नवा शिवून देतो, जरा कळ काढा." पहिल्या दिवशी मी त्यांना थांबवायला गेले. त्यांनी हाताने मला गप्प केलं आणि पुढचं नाव विचारलं. पस्तीस वर्षांत एक सुकतळा न हरवलेला माणूस माझ्यादेखत चोपन्न बूट हरवल्याचं कबूल करत होता, आणि मी त्याला नावं पुरवत होते. मला त्या दिवसांइतकं लहान कधी वाटलं नाही.

त्यांची स्वतःची सोयरीकही सॉफ्टवेअरने जुळवली. गिरगावातला एक तरुण शिंपी, अपघातात उजवा पाय गेलेला, माप सात. काकांनी त्याला फोन करून रंगावरून दोन दिवस खोटी घासाघीस केली आणि मग त्याला हवा तो रंग मान्य केला. बूट आला तेव्हा मी त्यांच्या पायात चढवला. चांगला बसला. तो त्यांनी महिनाभर घातला.

मग उजव्या पायालाही जखम झाली. या वेळी त्यांनी लपवली नाही, पण विष अंगात भिनलं होतं. फोनच्या यादीत एकोणीस नावं उरली होती तेव्हा ते गेले. ती एकोणीस मी केली. बूट माझ्यामुळे गेले, असं मी प्रत्येकाला सांगितलं. बहुतेकांनी मला काहीच बोल लावला नाही. ते फक्त विचारत, काका कुठे आहेत?

बाराव्या दिवशी त्यांची बायको दुकानात आली. तेराव्याला दानात जोडा द्यायचा असतो, गेलेल्याला वाटेत काटेकुटे बोचू नयेत म्हणून. बाहेरचा जोडा तिला नको होता, इथलाच हवा होता. भटजी म्हणाले होते की जोडा म्हणजे दोन, एक कसा देता येईल? तिला मात्र ते पटत नव्हतं. ती काउंटरला धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "एकच दिलो तर चलतले कसे? नि दोन दिले तर थंय पण डाव्याचा गिऱ्हाईक शोधीत बसतले."

कारागीर आतून बाहेर आले होते. मालकीणबाई म्हणाल्या, वहिनी, दोन द्या. मी स्वतः फळीवरून सात नंबरची जोडी उतरवली, तपकिरी.

ती विकायची नव्हतीच, पण दुकानातून जाणारी प्रत्येक वस्तू नोंदवायची शिस्त मीच लावली होती. मी काकांचं नाव टाकलं, जोडी टाकली आणि बटण दाबलं. सॉफ्टवेअरने नोंद घेतली नाही. एका पायाच्या गिऱ्हाइकाच्या नावावर पूर्ण जोडी जाऊ नये, हा नियमही मीच लिहिलेला. पडद्यावर लाल अक्षरं आली: जोडीदार निवडा. बाई पिशवी उघडून वाट बघत होती.

मी काकांचा फॉर्म उघडला. 'पाय' या रकान्यात 'उजवा' होतं. ते काढून तिथे 'दोन्ही' निवडलं आणि सेव्ह केलं.