तीनदा आत घेतलेली पँट

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच मास्तर बोलून मोकळे व्हायचे, "साहेब, मागच्या वेळेपेक्षा दोन इंच सुटलात!" माणूस ओशाळायचा, आणि टेप लावली की बरोब्बर दोन इंचच निघायचे. पडद्यामागे काज-बटणं करत बसलेली मास्तरीण गालातल्या गालात हसायची. शाळेशी तिचा काडीचा संबंध नव्हता. टेलरमास्तरांची बायको म्हणून मास्तरीण, एवढंच.

तर अशा या जगाची पोटं मापणाऱ्या माणसाचं स्वतःचं पोट गेले पाच महिने बिनसलं होतं आणि त्यावर ब्र काढायची सोय नव्हती. सकाळी तीन-तीनदा संडासात जायचं, तरी पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही. चार दिवस जुलाब, मग आठवडाभर कुंथणं. दोनदा तर मास्तरिणीला संडासाच्या भांड्यात रक्त दिसलं. हल्ली जड इस्त्री उचलतानाही त्यांना दम लागायचा.

"मूळव्याध आहे गं ती," मास्तर म्हणायचे. "चाळीस वर्षं मशीनवर बसलोय. दुसरं काय होणार?"

"पण मूळव्याधच आहे, हे कुणी सांगितलं?"

"ते सांगायला माणूस कशाला लागतो?"

संपलं! याच्यापुढे भिंतीशी बोललेलं बरं. आरोग्य केंद्रातली सिस्टर पन्नाशी उलटलेल्या सगळ्यांना एकेक पाकीट देऊन गेली होती. आत एक काडी आणि बोटाएवढी बाटली. घरच्या घरी शौचाचा नमुना घ्यायचा आणि बाटली केंद्रात नेऊन द्यायची. डोळ्यांना न दिसणारं रक्तही त्यात सापडतं, असं तिने दोनदा समजावून सांगितलं होतं. मास्तरांनी मान डोलावली आणि दोघांचीही पाकिटं बटणांच्या खणात टाकून दिली. मास्तरीण आठवण करून करून थकली. "मला काय धाड भरलीय?" हे ठरलेलं उत्तर.

एके दुपारी मास्तर अस्तराचं कापड आणायला बाहेर गेले होते. त्यांच्या तपकिरी पँटची पायाकडची मोरी विरली होती, ती दुमडावी म्हणून मास्तरिणीने पँट हातात घेतली. उलटी केली तर मागची शिवण जाडजूड लागली. शिवणीत माया, म्हणजे आत राखलेलं जास्तीचं कापड, असतंच, पण इतकं? तिने चष्मा लावला आणि मशीनच्या शिवणी मोजल्या. मूळची एक सोडून आणखी तीन होत्या. एक पांढऱ्या दोऱ्याची, एक निळ्या, एक काळ्या.

गिऱ्हाइकाच्या कपड्याला दोऱ्याची छटा जरा इकडची तिकडे झाली तर मास्तर अख्खी शिवण उसवायचे. स्वतःच्या पँटला मात्र मशीनवर जो दोरा असेल तोच चालायचा. त्यामुळे तिला पंचांगच वाचायला मिळालं. पांढरा दोरा शाळेच्या सदऱ्यांचा, म्हणजे पाच महिन्यांपूर्वीचा. निळा रखवालदारांच्या गणवेशांचा. काळा कोटांचा, आणि कोट तर मागच्याच आठवड्यात गेले होते. तिने टेप लावली. कंबर साडेतीन इंच आत घेतलेली! तिच्या पाठीमागे, तिला पत्ता लागू न देता.

मास्तर परतले तेव्हा ती गिऱ्हाइकांच्या बाकावर पँट मांडून बसली होती.

"हे काय आहे?"

"वापरून कापड सैल पडतं," मास्तर म्हणाले.

"अहो, लाज वाटते का बोलायला? चाळीस वर्षांत कुणा गिऱ्हाइकाला हे सांगितलंत? पाच महिन्यांत एखादा साडेतीन इंच उतरला असता, तर त्याला काय म्हणाला असतात?"

मास्तरांनी बाकावरची टेप उचलून गुंडाळली. "डॉक्टरला दाखव, म्हणालो असतो."

"मग?"

"सापडलं काही तर?" ते एकदम लहान आवाजात म्हणाले. "म्हणून नाही गेलो."

तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंसमोर मास्तरांनी खिशातून ते पाकीट काढलं. बाईंनी ते बाजूला सारलं. "हे काही त्रास नसणाऱ्यांसाठी आहे, मास्तर. तुम्हाला रक्त जातंय, वजन उतरलंय. तुमची थेट दुर्बिणीने तपासणी करायची."

मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सरची. शस्त्रक्रियेने काढता येईल, बाई म्हणाल्या, पण शेजारच्या ग्रंथींपर्यंत गेल्यासारखी दिसते, तेव्हा नंतर औषधंही घ्यावी लागतील. लवकर आला असतात तर कदाचित एवढ्यावर आलं नसतं. हे वाक्य मास्तरिणीच्या डोक्यात दिवसभर घणासारखं वाजत राहिलं. त्यांना ओढत आणायला हवं होतं. मी नुसती तोंडाची वाफ का दवडत बसले?

दाखल व्हायच्या आदल्या दिवशी ती सामान भरत होती. पायजम्याला बटण हवं म्हणून मास्तरांनी खण उघडला आणि तळातून एक पाकीट वर काढलं. सील तसंच होतं.

"हे कुणाचं?"

"माझं," ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "राहू द्या तिथंच. मला काय धाड भरलीय?"

आणि ती थांबली. मास्तर हसले नाहीत. एरवी टोमणा मारल्याशिवाय सोडलं नसतं त्यांनी.

"ज्यांना काही होत नाही, त्यांच्यासाठीच आहे ते," मास्तर म्हणाले. "बाई बोलल्या तेव्हा माझ्याच शेजारी बसली होतीस ना?"

मास्तरीण भडकली. त्यांच्यावर, सिस्टरवर, त्या टीचभर बाटलीवर, सगळ्यांवर. तिने पाकीट त्यांच्या हातून हिसकावलं आणि खण असा आदळला की बटणं जमिनीवर सांडली. ती तिने वेचलीही नाहीत.

सकाळी हॉस्पिटलकडे निघालेली गाडी तिने आरोग्य केंद्रापाशी थांबवायला लावली. पिशवीतून नमुना भरलेली आपली बाटली काढली आणि मास्तरांकडे न बघता खाली उतरली.