बडनेऱ्यापर्यंतचा मुराळी

आगगाडी आली आणि वऱ्हाडाचं भलं झालं, असं जो तो म्हणतो. झालं असेल बापा! माझं काय गेलं ते मात्र कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

मला दिलं अकोल्यात. माहेर नांदगाव खंडेश्वराचं. आगगाडी नव्हती तेव्हा दिवाळीला दादा मुराळी होऊन बैलगाडीनं न्यायला यायचा. मुराळी आल्याशिवाय सासू उंबरठा ओलांडू देत नसे. वाटेत मुक्काम पडायचे. विहिरीवर बैलांना पाणी पाजता पाजता दादा विचारायचा, "बाई, खरं सांग, कशी आहे तू?" वर्षभरात हे विचारणारं तेवढं एकच माणूस होतं.

त्या साली नवऱ्याचा मार फार वाढला होता. वडील नव्हते, माहेरी शब्द चालायचा तो दादाचा. मुक्कामावर त्याला सांगायचं, आता मला परत पाठवू नको, असं मी पक्कं ठरवलं होतं.

दादा आला तो आगगाडीनं. सकाळी उतरला आणि दुपारी मला घेऊन निघालासुद्धा. गाडीत बायांना एकीकडे बसवलं, पुरुषांना दुसरीकडे. बडनेऱ्याला उतरलो तर काय विचारता! स्टेशनाबाहेर नजर जाईल तिथवर कापसाच्या गाड्या. विलायतेत कापसाला भाव चढलेला, बैलांना उसंत नव्हती. दादानं मला आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्याच्या बैलगाडीत बसवून दिलं.

"दादा, मले बोलाचं आहे."

"घरी बोलू ना बाई. आपली कापसाची गाडी भरून उभी आहे, उतरवाची पाळी जाईन."

घरी! तो घरी होता कुठं? कापूस आणायचा, स्टेशनावर उतरवायचा, तिथंच गाडीखाली झोपायचा. शेवटी आईला सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, "दादाले सांग." असा संताप आला मला! पण तिच्या तरी हातात काय होतं?

परतीलाही म्हाताऱ्याचीच गाडी. दादा स्टेशनावर भेटला, पण मला न्यायला आलेला दीर शेजारीच उभा. त्याच्यासमोर काय बोलणार? घंटा झाली. मी दादाचा हात घट्ट धरला आणि रडत म्हटलं, "दादा, मले नाई जाचं."

तो हसला. हसणारच! सासरी निघालेली कोणती पोरगी असं म्हणत नाही? माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "काहून रडून राहिली वं? आता अकोला काय दूर आहे? गाडीत बसलं का पोचलं."

त्याच्या बाह्यांना कापूस चिकटला होता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण नाही आला. एवढ्या गर्दीत आपलं कोणी नाही, एवढंच वाटलं.

अकोला जवळ आलं होतं, हे मात्र खरं. दिवेलागणीच्या आत मी सासरच्या चुलीपुढे होते.